कारण आणि सबब

(युवक-युवतींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळचं सत्र साडेनऊला सुरू व्हायचं होतं, ते सव्वादहाला सुरू झालं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसून उशिरा येणारे काय सांगतात ते ऐकत होतो. एकाची बस चुकली होती, एकाच्या मोबाइलचा अलार्म वाजला नव्हता, एकीला लहान भावाला क्लासला सोडायचं होतं. हसू नका. मीही दहा मिनिटं उशिरा आलो आणि संयोजकांना म्हणालो, "रिक्षाच मिळत नव्हती." रिक्षा मिळत नव्हती हे खरं आहे. पण स्टँडवर मी चहाला बसलो, दुसरा कप मागवला, आणि मग रिक्षा शोधायला निघालो, हे मात्र मी सांगितलं नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दोन भाषा नांदतात, म्हणून एका शब्दाकडे तुमचं लक्ष वेधतो. 'सबब'. मूळ अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ साधा आहे, कारण. तोच शब्द मराठीत आला आणि त्याला वेगळा वास लागला. "सबबी सांगू नकोस" असं आई म्हणते तेव्हा तिला कारण नको असतं असं नाही, तिला पळवाट नको असते. आणि याच शब्दाचा तिसरा अर्थ तुम्हाला कोर्टाच्या, तहसील कचेरीच्या कागदांवर दिसेल. 'अर्जदाराने पुरावा सादर केलेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' इथे सबब म्हणजे 'म्हणून'. एकाच शब्दात कारणही आहे, बहाणाही आहे आणि पुढची कृतीही आहे. मला आज जे बोलायचं आहे ते एवढ्याशा जागेतच बसतं. आपण कारण सांगतो, त्यानंतर काय करतो?

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण दर वर्षी शिकवायचो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण अंगण खरंच वाकडं असलं तर?" वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवलं. त्या मुलाचं उत्तर मी अजून शोधतो आहे, कारण आपलं अंगण खरंच वाकडं आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्र सरकारने 2005 मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 2006 च्या नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. 2001 च्या जनगणनेप्रमाणे देशात मुस्लिम 13.4 टक्के होते. अहवालात आयएएसमध्ये ते 3 टक्के दिसले, आयपीएसमध्ये 4 टक्के. 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एक तर शाळेची पायरी चढलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. शहरात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे तुम्हाला समितीकडून कळायची गरज नाही. माझ्या मुलाला नोकरीच्या गावी सात ठिकाणी नकार आला. सातव्या घरमालकाने निदान खोटं तरी सांगितलं नाही.

तेव्हा कुणी व्यासपीठावरून तुम्हाला म्हणालं की भेदभाव वगैरे काही नाही, तुम्हीच आळशी आहात, तर त्याला हा अहवाल वाचायला द्या. त्यातली आणखी एक गोष्टही दाखवा. 'यांना शाळा नकोच असते, यांना मदरसेच हवे असतात' असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. समितीला असं आढळलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं 3 टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणजे सबबी सांगणं ही काही आपल्या समाजाची मक्तेदारी नाही. वस्तीत शाळा न काढणाऱ्यालाही एक तयार सबब हवी असते, आणि 'त्यांनाच शिकायचं नाही' ही फार सोयीची होती.

एवढं म्हटल्यावर आता मी माझ्या घरात येतो, कारण दुसऱ्याच्या सबबी मोजणं सोपं असतं.

माझे अब्बा शिंपी होते. पेठेत दोन खोल्यांचं घर आणि खाली एका मशीनचं दुकान, एवढी त्यांची कमाई. 1998 मध्ये ते गेले. मागे अम्मी, भाईजान, मी आणि आमची आपा. आपा सगळ्यांत मोठी, लग्न होऊन त्याच शहरात दिलेली. चाळिसाव्यानंतर वर्षभरात भाईजानने विषय काढला की घर-दुकान आपल्या दोघांच्या नावावर करून घेऊ, नंतर कटकट नको. घरात शिकलेला मी. कागदाचं काम माझ्याकडे आलं. मी वकिलाकडे गेलो, हक्कसोडपत्र तयार करून घेतलं, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आपाला घेऊन गेलो. ती बुरखा सावरत बाकावर बसली होती. तिने एकदाच विचारलं, "इसमें क्या लिखेलाय?" मी म्हणालो, "घर का कागज है, यहाँ कर दे." तिने केली.

तेव्हा मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवत होतो. मूलभूत हक्क मुलांकडून पाठ करून घेत होतो.

आता माझ्या त्या वेळच्या सबबी ऐका. मी त्या मुद्दाम सांगतो, तुम्ही आपापल्या घरी ताडून पाहा. पहिली, तिच्या लग्नात अब्बांनी खर्च केला होता. खर्च माझ्याही लग्नात झाला होता, त्याबद्दल माझा हिस्सा कुणी कापला नव्हता. दुसरी, तिच्या सासरी बरं चाललं आहे. तेव्हा चाललं होतं. तिसरी, भाईजान मोठे, त्यांनी ठरवलं, मी काय बोलणार? हा तोच मी, जो कागद स्वतः लिहून घेऊन आला होता. चौथी, सगळीकडे असंच असतं. हे खरं आहे. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे, पाटलांकडेही बहिणी सह्या करतात. त्यांच्या कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, तरी राखी आणि हक्कसोड एकाच वर्षात होतात. या एका बाबतीत आपण मुख्य प्रवाहात अगदी पोचलेलो आहोत.

आणि पाचवी सबब सगळ्यांत गोड. आपाने स्वतःच नको म्हटलं. घरी आल्यावर ती खरंच म्हणाली होती, "मेरेकू क्या करनाय, तुम लोगां खुश रहो." हे वाक्य मी सतरा वर्षं छातीवर पदकासारखं लावून फिरलो. त्यामागे काय होतं ते मला कळत नव्हतं असं नाही. हिस्सा मागणारी बहीण माहेरची राहत नाही, ईदला तिची वाट कुणी पाहत नाही, तिच्या मुलीच्या लग्नात मामा येत नाहीत, हे तिला माहीत होतं. आणि ते तिला माहीत आहे हे आम्हालाही माहीत होतं. 'स्वखुशीने' हा शब्द त्या कागदात दोनदा होता.

2016 मध्ये माझी मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. वारसा हक्काचा अभ्यास करत बसली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी वही घेऊन आली आणि म्हणाली, "अब्बू, आपल्या घराचं उदाहरण करते, म्हणजे लक्षात राहील." तिने हिशेब मांडला. कर्ज आणि दफनाचा खर्च आधी वजा. उरलेल्या मालमत्तेचे चाळीस भाग करू. मुलं आहेत म्हणून पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे दादींचे पाच. राहिले पस्तीस. मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात वाटले तर मोठ्या अब्बूंचे चौदा, तुमचे चौदा, फुफीचे सात. पुढे दादी वारल्या. त्यांचे पाच भाग पुन्हा तसेच, दोन, दोन, एक. म्हणजे फुफीचे एकूण आठ.

मग तिने पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "फुफीला आठ मिळाले?"

मी पाचही सबबी क्रमाने सांगितल्या. ती ऐकत होती. वाद घातला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "सही करताना फुफीने कागद वाचला होता?"

आपा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. कागद मराठीत होता, आणि तीही वकिली मराठी, जी मलाच दोनदा वाचावी लागली होती. मुलीने मला चोर म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर मला राग आला असता, मी भांडलो असतो आणि त्या भांडणात सुटलो असतो.

इथे थोडं थांबतो, कारण तुमच्यातल्या काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. मुलीला निम्माच का? बरोबरीचा का नाही? मलाही तो प्रश्न पडतो आणि तो विचारत राहिला पाहिजे असं मी मानतो. पण माझ्यासारख्यांनी तो विचारण्याआधी एक लाज बाळगावी. शरियतमध्ये हात घालू नका म्हणून मोर्च्यात जाणारे, आणि शरियत बदला म्हणून भाषण देणारे, दोघांच्याही घरात बहिणीला निम्मासुद्धा मिळालेला नसतो. सूरह निसामध्ये वाटे इतके स्पष्ट दिलेले आहेत. 1937 च्या शरियत कायद्याने ते देशाच्या कोर्टात लागू केले. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शेताचा प्रश्न असेल तिथे जाणकार वकिलाला विचारा. पण घर, दुकान, बँकेतली ठेव, सोनं यांबद्दल शंका कशाची? इथे सरकार आडवं येत नाही. पोलीस येत नाहीत, घरमालक येत नाही, माध्यमं येत नाहीत. तहसील कचेरीतला कुणी आपलं नाव वाचून भुवया उंचावत नाही. इथे अंगण सरळ होतं. मीच वाकडा चाललो.

सय्यदभाई आठवतात का? तुमच्यातल्या थोड्यांनी त्यांना पाहिलं असेल. पेन्सिलच्या कारखान्यात लहानपणीच कामाला लागलेला हा माणूस. त्यांच्या बहिणीला, खतिजाला, नवऱ्याने तलाक दिला. 'रिवाज आहे, आपण गरीब, आपल्याला कोण विचारतो' अशी प्रत्येक सबब त्यांच्या हाताशी होती, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. त्यांनी त्याच कारणाचं 'म्हणून' केलं. हमीद दलवाईंबरोबर काम सुरू केलं, पुण्यात 22 मार्च 1970 ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं त्यात ते होते, आणि 2022 मध्ये जाईपर्यंत ते तलाकपीडित बायकांची प्रकरणं घेऊन बसत राहिले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला ते सारखे आठवतात ते त्यासाठी नाही. एका भावाने बहिणीचं दुःख पाहिलं आणि आयुष्य त्यात घातलं. दुसऱ्या भावाने बहिणीचा भोळेपणा पाहिला आणि तिला बाकावर बसवून सही घेतली. त्या दोघांची परिस्थिती पाहिली तर सवलत पहिल्याला मिळायला हवी होती. शिकलेला तर मी होतो.

आणि 18 एप्रिल 1966. मुंबईत विधानभवनावर दलवाईंनी तोंडी तलाकच्या विरोधात मोर्चा नेला, त्यात सात मुस्लिम महिला होत्या. सात. आज तुमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे जण असतात. 'लोक साथ देत नाहीत' ही सबब त्या सात जणींना शोभली असती. त्यांनी ती घरी ठेवली आणि निघाल्या.

तर मी आपाकडे गेलो. तुम्हाला वाटेल मोठा रडण्याचा प्रसंग झाला असेल. तसं काही झालं नाही. तोपर्यंत दूल्हाभाई आजारी होऊन घरी बसले होते आणि आपा साड्यांना फॉल-बीडिंग करून घर चालवत होती. मी सगळं सांगितलं, मुलीची वही दाखवली. ती बराच वेळ साडीचा काठ दुमडत राहिली. मग म्हणाली, "इत्ते साल कां थे?" कुठे होतास इतकी वर्षं. मी म्हणालो, माफ कर. ती म्हणाली, "पैले हिसाब कर. माफी का बाद में देखेंगे."

घराचे निम्मे भाग माझ्याकडे, निम्मे भाईजानकडे. म्हणजे आपाच्या आठांपैकी चार माझ्याकडे होते. आता त्याची किंमत काय धरायची? मी मनातल्या मनात 1999 चा भाव धरला होता. बघा, माफी मागायला गेलेला माणूससुद्धा खिशात एक सबब घेऊन जातो. 'तेव्हा दिलं असतं तर एवढंच मिळालं असतं ना?' मुलगी म्हणाली, "तुम्ही घर तेव्हाच्या भावाने विकणार आहात का?" मग चालू वर्षाचा रेडी रेकनरचा दर काढला, त्यावर हिशेब केला आणि तीन वर्षांत हप्त्यांनी रक्कम दिली. 2019 मध्ये ती पूर्ण झाली. घरातला एक मोठा खर्च त्यासाठी पुढे ढकलला. बायको आधी चिडली. मग तिने तिच्या भावांना फोन केला आणि आपल्या वडिलांच्या घराचं काय झालं ते विचारलं. ती कथा वेगळी आहे आणि अजून चालू आहे.

आपाने त्या पैशांतून आधी एक कर्ज फेडलं. उरलेल्याची स्वतःच्या एकटीच्या नावावर मुदत ठेव केली आणि पावती कुठे ठेवली ते दूल्हाभाईंनाही सांगितलं नाही. मला ते फार आवडलं. माफीचं तिने अजून काही सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

तुम्ही म्हणाल, सर, आमचं अजून लग्न नाही, मालमत्ता नाही, आम्ही काय करायचं? तुमच्यापुरत्या दोन-तीन गोष्टी बोलतो.

मुलग्यांनो, लग्न ठरताना तुम्ही एक वाक्य बोलणार आहात. "मला काही नको, पण अम्मीची इच्छा आहे." गाडी तुम्ही चालवणार, फर्निचरवर तुम्ही बसणार, आणि मागितलं मात्र अम्मीने. अम्मीच्या पदराआड लपायचं वय गेलं. मेहरचंही तसंच. निकाहनाम्यात मोठी रक्कम लिहायची, 'उधार' म्हणायचं, आणि जनाजा उठायच्या वेळी बायकोला चार बायकांनी घेरून 'माफ कर दे' म्हणून घ्यायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. देणं जमत असेल तेवढंच लिहा आणि लिहिलेलं द्या. याला कुठल्याही समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

मुलींनो, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून मागा. मराठीत असेल तर मराठी वाचा. आपल्यातल्या कितीतरी मुली उर्दू माध्यमातून शिकतात आणि कचेरीचं मराठी त्यांना परकं वाटतं. ते शिकून घ्या. मिळकत पत्रिका, वारसनोंद, फेरफार, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र हे शब्द अम्मीलाही शिकवा. वारसांच्या यादीत तिचं आणि तुमचं नाव लागलं आहे का ते जाऊन पाहा. आणि हिस्सा खरंच भावाला द्यावासा वाटला तर आधी तो तुमच्या नावावर होऊ द्या. हातात आल्यावर द्यावासा वाटला तर द्या. माझा अनुभव असा की हातात आल्यावर फार थोड्या जणींना तसं वाटतं.

आणि सगळ्यांसाठी एक छोटी गोष्ट. ग्रुपवर दंगलीचा एक जुना व्हिडिओ येतो, खाली दुसऱ्याच गावाचं नाव असतं. आपण पुढे पाठवतो आणि वर लिहितो, 'आला तसा पाठवला.' आपण काय टपालपेटी आहोत? बोट आपलं होतं. आपल्याबद्दल खोटं पसरवणाऱ्यांवर आपण चिडतो, बरोबरच आहे. मग आपल्या बोटाने गेलेलं खोटं कुणाच्या खात्यावर लिहायचं?

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता काय सांगेन ते सांगतो. अंगण वाकडं आहे, बेटा. ते सरळ करायला अर्ज करू, मोर्चा काढू, मतदान करू, कोर्टात जाऊ. ते सोडायचं नाही. पण अंगणात ज्या दोन फरश्या आपण स्वतः उखडून घरात नेल्या आहेत, त्या आज संध्याकाळी परत आणता येतात.

माझ्या हिशेबातलं एक राहिलं आहे. आपाचे चार भाग अजून भाईजानकडे आहेत. ते देत नाहीत. अनेक दिवस मी लोकांना सांगत होतो, मी माझं दिलं, भाईजानचं भाईजान जाणोत. मग एकदा जुना कागद काढून पाहिला. तो तयार करून आणणारा मी, आपाला नेऊन बसवणारा मी, 'यहाँ कर दे' म्हणणारा मी. ते चार भागसुद्धा माझ्याच हाताने तिकडे गेलेले आहेत. म्हणून दर ईदला शीरखुर्मा झाला की मी भाईजानसमोर विषय काढतो. ते उठून जातात. मागच्या ईदला मात्र दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "चाळीसचा तो हिशेब कुठे आहे तुझ्या पोरीचा?" वहीचं पान मी पाकिटातच ठेवतो. काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि खिशात घातलं. पुढे काही बोलले नाहीत.

येत्या ईदला पुन्हा विचारणार आहे. आता तुम्ही विचारा. जेवणाला उशीर झाला तर संयोजकांना काय सांगायचं ते मी बघतो.